पाचशे साठला पास

परवा रात्री मुलीला झोपवून मी कपाटातला माझा 'तो' खोका काढला. बायको त्याला तोच म्हणते, तो खोका, आणि म्हणताना जो चेहरा करते तो इथे लिहून दाखवता येत नाही. आत साठ-बासष्ट हॉट व्हील्स आहेत, म्हणजे धातूच्या छोट्या खेळण्यातल्या गाड्या, सगळ्या पॅकेटमध्ये सीलबंद. एकही गाडी कधी जमिनीला लागलेली नाही. सदतीस अडतीस वर्षांचा बाप्या माणूस मॉलमध्ये गेला की आधी खेळण्यांच्या रॅककडे पळतो, हुकवर लटकलेली पॅकेटं पत्ते पिसल्यासारखी मागेपुढे करून बघतो, आणि शेजारी तसाच दुसरा बाप्या उभा असतो जो त्याच्या मुलासाठी बघतोय असं दाखवत असतो. आम्ही दोघं एकमेकांना ओळखतो आणि ओळख दाखवत नाही. असो.

तर खोका उघडून बसलो आणि लक्षात आलं की यातल्या एकाही गाडीचा आवाज मला माहीत नाही. म्हणजे लहानपणी माझ्याकडे सगळ्या मिळून पाच गाड्या होत्या, त्यातल्या दोन तर चाक गेलेल्या, पण डोळे मिटून नुसत्या खर्रर्र वरून मी सांगायचो की काळी उतरली का पिवळी. हे आठवलं आणि मग झोप गेली ती गेलीच, म्हणून हे लिहायला घेतलंय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही आकुर्डीला राहायचो, दोन खोल्या आणि मोरी. पप्पा भोसरीला एका कंपनीत टर्नर होते, म्हणजे लेथ मशीनवर. पिंपरी-चिंचवडमध्ये जे वाढलेत त्यांना पुढचं सांगायची गरज नाही पण बाकीच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी आणि शाळेची सुट्टी रविवारी. म्हणजे पप्पा घरी तेव्हा मी शाळेत आणि मी घरी तेव्हा पप्पा कंपनीत. वर तीन शिफ्ट. फर्स्ट शिफ्टचा आठवडा बरा, संध्याकाळी भेटायचे. सेकंड शिफ्टला रात्री साडेबाराला यायचे तेव्हा मी झोपलेला, सकाळी मी उठायचो तेव्हा ते झोपलेले, मग ते उठून आंघोळ आणि बाजार आणि लाईट बिलाची रांग करेपर्यंत माझी बाराची शाळा. आणि थर्ड शिफ्टचा आठवडा म्हणजे तर घरात कर्फ्यू. दिवसा ते झोपलेले, आई बोटाने गप्प राहायची खूण करून भाजी निवडतेय, आणि मी गाडी जमिनीवर न टेकवता हवेतच चालवतोय, तोंडाने आवाज काढायचीसुद्धा चोरी.

पहिली गाडी दिवाळीच्या बोनसची. पिंपरी कॅम्पातून आणली होती, पन्नासच्या आसपास असेल. काळी, धातूची, खालचा पत्रासुद्धा धातूचा, हातात घेतली की चांगलं वजन लागायचं. पॅकेटवर हॉट व्हील्सच्या ज्वाळा आणि लिओ मॅटेल असं नाव. हे लिओ मॅटेल प्रकरण मला मोठेपणी कळलं, की तेव्हा हॉट व्हील्स इथेच, भारतात बनायच्या. त्यांचे रंग आणि वरची चित्रं बाहेरच्या गाड्यांपेक्षा जरा वेगळी, जरा अघळपघळच असायची, आणि आता नेमक्या त्याच अघळपघळ गाड्यांसाठी परदेशातले कलेक्टर पैसे मोजतात. आमची काळी आज पॅकेटमध्ये असती तर, वगैरे हिशोब मी करून बघितलाय, पण ती पॅकेटमध्ये राहणं शक्यच नव्हतं, कॅम्पातून आकुर्डीला येईपर्यंत बसच्या खिडकीवरच तिचं पहिलं पोपडं निघालं होतं.

दुसरी पिवळी, मामाने दिलेली. तिसरी पोलीस, ती शाळेतल्या एकाकडून क्रिकेटपटूंच्या कार्डांच्या बदल्यात, आणि हा सौदा मी फसवून केला होता, फाटलेली कार्डं मध्ये घालून. त्याला कळलं तेव्हा त्याने मला मधल्या सुट्टीत धुतला, पण गाडी परत मागितली नाही. का नाही मागितली हे मला आजही समजलेलं नाही.

आता ट्रॅक. त्या गाड्यांच्या पॅकेटवर मागे ट्रॅकचं चित्र असायचं, नारिंगी रंगाचा, मधेच गोल लूप, गाडी त्यात उलटी. ते चित्र मी इतक्यांदा बघितलंय की आजही काढून दाखवेन. पण ट्रॅक घ्यायचा विषय आमच्या घरात निघणारच नव्हता, आणि मी काढलाही नाही, असल्या गोष्टी मुलांना न सांगता कळतात. आमचा ट्रॅक म्हणजे पाटाला पाट लावून केलेला घसरा, नाहीतर अंगणात विटकरीच्या तुकड्याने आखलेले रस्ते. विटकरीच्या रस्त्यावर आपणच गाडी ढकलायची आणि आपणच ठरवायचं कोण जिंकलं. त्यात काही राम नाही. उतारावरून सोडली की ती आपलं ऐकत नाही, तेव्हाच ती खरी रेस, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आत्ताही आहे. म्हणूनच मला ती मागे ओढून सोडायची गाडी कधी आवडली नाही. जत्रेत मिळायच्या, स्प्रिंगवाल्या. आत गिअर असतात त्यामुळे उतारावर ठेवली तर नुसती कुरकुरते, स्वतःहून उतरत नाही. आळशी गाडी.

आणि मग ट्यूबच्या पट्ट्या आल्या.

पप्पांच्या कंपनीत शेडमधल्या जुन्या ट्यूबलाइट बदलल्या, पट्ट्या भंगारात निघाल्या. चार फुटी पत्र्याची पट्टी, ज्यावर चोक आणि होल्डर बसवलेले असतात ती. पप्पांनी भंगारवाल्याकडून तीन मागून घेतल्या आणि कंपनीच्या बसमधून घरी आणल्या. लोकांना वाटलं घरात ट्यूब बसवणार. घरी आल्यावर एक पट्टी उलटी केली, आणि ती उलटी केल्यावर काय दिसली म्हणून सांगू, दोन्ही बाजूंना उभ्या कडा, मध्ये सपाट पत्रा, पन्हळच. पप्पांनी काळी मागितली, आत ठेवली. दोन्हीकडे बोटाची फट. माझ्याकडे बघून म्हणाले, "फिट आहे."

कडांना कानस मारून त्यांची धार घालवली, होल्डरची भोकं होती त्यावर आतून एमसील लावून घासून सपाट केलं. हे सगळं गुरुवारी, मी शाळेत असताना. आलो तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला एक खिळा, खिळ्याला सुतळी, सुतळीला पट्टीचं वरचं टोक, आणि खालचं टोक बाहेरच्या खोलीत फरशीवर. दुसरी पट्टी पुढे सपाट, कॉटखाली जाणारी. तिसरी राखीव.

पहिल्या दिवशी एकही गाडी दुसऱ्या पट्टीत गेली नाही. जोडावर येऊन उडायची. मी खालची पट्टी वर घेऊन बघितली, कागद चिकटवून बघितला, काही नाही. दुसऱ्या दिवशी पप्पा फर्स्ट शिफ्टवरून आले, बूट न काढता उकिडवे बसले, बोट फिरवलं जोडावरून आणि म्हणाले, "गावाला कौलं कशी शाकारतात बघितलंस ना? पाणी वरून येतं. मग वरचं कौल खालच्याच्या वर पाहिजे. तू उलटं केलंयस, तुझं घर गळणार." वरच्या पट्टीचं टोक खालच्या पट्टीच्या आत घेतलं, गाडी सोडली, आणि ती गेली ती कॉटखालून थेट आईच्या शिवणाच्या मशीनला जाऊन आपटली. इंजिनिअरिंगला चार वर्षं घालवून एवढं सोपं मला कुणी काही शिकवलेलं नाही.

लूप आला पुढच्या मे महिन्यात. मुंबईच्या मामेभावाकडे खरा ट्रॅक होता, डबीतला, त्याच्या वडिलांनी कुठून तरी बाहेरून मागवलेला. पण पट्ट्या एकमेकांत अडकवायच्या ज्या जिभा असतात त्या त्याने हरवल्या होत्या त्यामुळे तो ट्रॅक त्याच्या लेखी मेला होता. मामीने निघताना पिशवीत भरून दिला, दोन नारिंगी पट्ट्या आणि लूप. ती पिशवी दादर ते आकुर्डी माझ्या मांडीवर होती. खिडकीत बसायला मिळालं होतं, बाहेर खंडाळ्याचा घाट गेला, मी एकदाही वर बघितलं नाही.

आता थोडं त्या नारिंगी ट्रॅकबद्दल, कारण मोठा झाल्यावर मी याच्यावर नको इतकं वाचलंय. हॉट व्हील्स आल्या 1968 साली, पहिल्या खेपेला सोळा गाड्या. मॅटेल ही कंपनी मुळात 1945 ची, आणि एलियट हँडलर आणि रुथ हँडलर हे नवरा-बायको ती चालवायचे. रुथबाईंनी 1959 मध्ये बार्बी काढली, स्वतःच्या मुलीच्या, बार्बराच्या नावावरून, आणि एलियटरावांनी नऊ वर्षांनी या गाड्या. म्हणजे माझ्या ताईची बार्बी (एक पाय निखळलेली) आणि माझी काळी, ज्यांच्यावरून आमची रोज मारामारी व्हायची, त्या एकाच घरातल्या निघाल्या. हे मी ताईला व्हॉट्सअॅपवर पाठवलं तर तिने नुसता अंगठा पाठवला.

त्याआधी राज्य होतं मॅचबॉक्सचं, इंग्लंडच्या लेस्नी कंपनीचं. त्यांची गोष्ट तर मला अजूनच आवडते. तिथल्या जॅक ओडेलच्या मुलीच्या शाळेत नियम होता, की काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. बापाने मग पितळेचा एक चिमुकला रोड रोलर बनवून दिला. त्यातून 1953 मध्ये मॅचबॉक्स. म्हणजे या सगळ्या धंद्याच्या बुडाशी शाळेचा एक खडूस नियम आणि वर्कशॉपमध्ये हात चालणारा एक बाप. (पुढे 1997 मध्ये मॅचबॉक्ससुद्धा मॅटेलकडेच गेली.)

मग हॉट व्हील्सने वेगळं काय केलं, तर चाकं. मॅचबॉक्स दिसायला अस्सल, पण त्या ढकलायच्या गाड्या. हॉट व्हील्सचा पहिला डिझायनर हॅरी ब्रॅडली हा खऱ्या गाड्यांच्या कंपनीतून, जनरल मोटर्समधून आलेला, त्यामुळे त्या दिसायला झकपक होत्याच, पण खरी गंमत खाली होती. आस बारीक पियानोच्या तारेचा, थोडी लवचीक, म्हणजे गाडीला सस्पेन्शन, आणि चाकाच्या आत घासू नये म्हणून डेलरिन नावाच्या गुळगुळीत प्लास्टिकची बुशिंग. त्यामुळे धावायच्या. आमच्या काळीत काही डेलरिन-बिलरिन नव्हतं, साधी सरळ तार आणि प्लास्टिकचं चाक, पण तीसुद्धा फरशीवर टेकवून बोट लावलं तर खोलीच्या त्या टोकाला. पप्पा एकदा भिंगाने तो आस बघत बसले होते. "लेथवर एवढा बारीक धरता पण येणार नाही," म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून ही मोठी तारीफ होती.

तर लूप बसला. पत्र्याच्या उतरत्या पट्टीपुढे एक नारिंगी तुकडा, कारण पत्रा वाकत नाही आणि वळणाला वाकणारं काहीतरी हवं, मग लूप, मग दुसरा नारिंगी, मग पुन्हा पत्रा. जिभा नव्हत्या तिथे पप्पांनी पत्र्याचे चाप करून आणले. आणि आता प्रश्न असा की गाडी किती उंचावरून सोडायची म्हणजे ती लूप पूर्ण करेल.

इथून पुढे जे झालं ते नेमकं सेकंड शिफ्टच्या आठवड्यात झालं. मी दुपारपर्यंत प्रयत्न करून थकलो होतो, पट्टी खिळ्याला जिथे होती तिथून सोडली की गाडी लूपमध्ये अर्ध्यात जाऊन उलटी खाली पडायची. शाळेतून आलो, परत केलं, परत तेच. आई म्हणाली आता उचल, पाय ठेवायला जागा नाही. मी उचललं नाही, तसाच झोपलो, पांघरुणातून ट्रॅककडे बघत.

रात्री कधीतरी जाग आली ती आवाजाने. खर्रर्र... मग एक क्षण काहीच नाही... मग ठक. परत खर्रर्र, शांतता, ठक. मी डोळे उघडले नाहीत. का कुणास ठाऊक, वाटलं उघडले तर बंद होईल. आईचा आवाज आला, "अहो एक वाजलाय, जेवण गार झालं." पप्पा काही बोलले नाहीत. खर्रर्र, शांतता, ठक. असं किती वेळ चाललं माहीत नाही, पण एक वेळ अशी आली की खर्रर्र झालं, शांतता झाली आणि ठक झालंच नाही, त्याऐवजी लांब कॉटखाली पत्र्यावर परत खर्रर्र. मग मी झोपलो.

सकाळी उठून बघतो तर चौकटीवर पेन्सिलने आडव्या रेघा. दाराच्या मागच्या अंगाला, बारीक, पट्टीने मारल्यासारख्या सरळ, आणि प्रत्येकीपुढे आकडा. 375, पुढे फुली. 420, फुली. 480, फुली. 520, फुली. आणि 560 पुढे लिहिलं होतं, 'काळी पास'. त्याखाली 'पिवळी रिजेक्ट'.

मिलिमीटर. पप्पा सगळं मिलिमीटरमध्ये बोलायचे, आईला पदराचं मापसुद्धा अकराशे सांगायचे. आणि पास-रिजेक्ट ही त्यांच्या कंपनीतली इन्स्पेक्शनची भाषा.

मी दप्तरातली पेन्सिल काढली, सुतळी वर घेतली, 600 ला रेघ मारली, पिवळी सोडली. पप्पा दोन हातांच्या अंतरावर झोपलेले होते म्हणून मी पट्टीखाली आणि लूपपुढे आईची जुनी साडी घडी करून घातली. रिजेक्ट. 640, पिवळी पास. लिहिलं आणि शाळेत गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यापुढे बारीक अक्षरात, 'आस साफ केला. पिवळी 610 पास.' आणि खाली कागदाच्या पुडीत पिवळीच्या चाकातून निघालेला केसांचा गुंता, पुरावा म्हणून ठेवलेला. ताईचे केस. लांबसडक. ते आसाभोवती कसे गुंडाळले जातात हे ज्यांनी अशा गाड्या चालवल्यात त्यांना माहीत आहे, सुईने एक एक ओढून काढावा लागतो.

असं ते सुरूच झालं. सेकंड आणि थर्डच्या आठवड्यांत चौकटीवर, फर्स्टच्या आठवड्यात समोरासमोर. खरं सांगू तर समोरासमोर आम्ही फार बोलायचो नाही, पप्पा मुळात कमी बोलणारे आणि मी घाबरणारा. चौकटीवर बरं चालायचं. एकदा मी लिहिलं होतं, 'पोलीस कुठूनच पास नाही', तर त्यापुढे त्यांचं, 'चाक वाकडं. बदली करा.' करा! मला! पाचवीतल्या पोराला! मी ते ताईला तीन वेळा वाचून दाखवलं.

तेलाचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कुणीतरी सांगितलं की आसाला खोबरेल तेल लावलं की गाडी सुसाट पळते. लावलं. पहिले दोन दिवस पळाली खरंच. मग धूळ चिकटली, आणि मग डिसेंबर आला. डिसेंबरात आमच्याकडे खोबरेल तेलाची बाटली गोठते, सकाळी उन्हात ठेवल्याशिवाय तेल निघत नाही, तर गाडीच्या आसातलं निघेल का. सकाळी काळी 700 वरूनसुद्धा अर्ध्या पट्टीत थांबली. मी घाबरून चौकटीवर लिहिलं, 'काळी बंद पडली.' उत्तर आलं, 'ग्रीस जाम. पेट्रोलने धुतली. तेल नको, शिसं घाला.' आणि पेन्सिलीचं शिसं खरवडून केलेली काळी पूड, पुडीत. ग्राफाईट. कोरडं वंगण, धूळ धरत नाही. मी नंतर पेन्सिली इतक्या खरवडल्या की आईने बाईंना विचारलं, मुलांकडून फार लिहून घेता का.

बारावीला फिजिक्समध्ये उभ्या वर्तुळातली गती आली. सरांनी फळ्यावर लूप काढला, त्यात एक ठिपका, आणि सांगितलं की घर्षण नसेल तर लूपच्या त्रिज्येच्या अडीच पट उंचीवरून सोडलेली वस्तू लूप पूर्ण करते. वरच्या टोकाला तिचा वेग एवढा हवा की नुसतं तिचं वजनच तिला गोल वळवायला पुरेल, ट्रॅकने ढकलायची गरज नाही. मी बसल्या जागी हिशोब केला. आमचा लूप फूटभर, म्हणजे साधारण 300 मिलिमीटर, त्रिज्या 150, अडीच पट, 375.

375. चौकटीवरची पहिली रेघ. पप्पा दहावी करून आयटीआयला गेलेले. घरी येऊन विचारलं, तुम्हाला अडीच पट कसं माहीत होतं? तर म्हणाले, "कंपनीतल्या ट्रेनी इंजिनिअरला विचारलं होतं. त्याने कागदावर काढून दिलं. मी म्हटलं साहेब एवढ्यात नाही व्हायचं, तुम्ही घासण्याचं धरलंच नाही. तो म्हणाला करून बघा." म्हणजे 375 आणि 560, मधले जे 185 मिलिमीटर आहेत ते सगळे घासण्याचे. चाकाच्या आसात, पट्टीच्या कडांना, जोडावर, थोडे हवेत, थोडे नुसती चाकं फिरवण्यात. आणि काळी आधी पास होते, पिवळी नाही, कारण हवेचा आणि चाकं फिरवण्याचा खर्च दोघींना जवळजवळ तेवढाच, पण काळी जड, तिच्या वजनाच्या मानाने तो किरकोळ. श्रीमंताला भाववाढ कळत नाही तसं.

अजून एक हिशोब केलेला, तो उगीचच. या गाड्या साधारण एकास चौसष्ट मापाच्या. तर 560 मिलिमीटर गुणिले 64, झाले जवळपास 36 मीटर. म्हणजे खरी गाडी बारा मजली बिल्डिंगवरून सोडल्यासारखं. हे मी हॉस्टेलला 2005 मध्ये सांगत होतो, ज्या वर्षी नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये गेला आणि अख्खं हॉस्टेल महिनाभर रेसिंगतज्ज्ञ झालं होतं. अमेरिकेतल्या त्या रेसला सहाच गाड्या धावल्या, टायरच्या भांडणावरून बाकीच्या सगळ्या सुरुवातीलाच आत गेल्या, आणि आपला नारायण चौथा आला. लोक हसले त्यावर. मी नाही हसलो. पाच गाड्यांत रेस लावून मोठा झालेला माणूस सहा गाड्यांच्या रेसला कसा हसेल.

शेजारच्या दादाकडे एक रिक्षा होती, प्लास्टिकची, सेंटी नावाच्या खेळण्यांच्या कंपनीची, काळी-पिवळी. आमच्या ट्रॅकवर ती कधीच टिकली नाही, तीन चाकं आणि वर टपाचं ओझं, पहिल्या वेगातच कलंडायची. दादाने तिच्या दोन्ही बाजूंना आइस्क्रीमच्या काड्या आडव्या चिकटवल्या, कडेला टेकायला. आम्ही खूप हसलो. आणि आता मोठेपणी वाचतो तर काय, 1969 मध्ये मॅटेलच्या इंजिनिअर लोकांची हीच अडचण झाली होती. फोक्सवॅगनची व्हॅन केलेली, मागच्या खिडकीतून सर्फिंगच्या फळ्या बाहेर काढलेली, तर ती उंच आणि अरुंद, त्यांच्या सुपर चार्जरमधून, म्हणजे फिरत्या चाकांनी गाडी पुढे फेकायचं जे यंत्र होतं त्यातून, नीट जाईना. मग त्यांनी काय केलं, फळ्या काढून दोन्ही बाजूंना लावल्या आणि गाडी रुंद केली. मागे फळ्या असलेले जे थोडे नमुने आधी बनले होते ते आज जगातल्या सगळ्यात महाग हॉट व्हील्स आहेत, त्यातला गुलाबी तर लाख डॉलरच्या वरचा समजला जातो. दादाच्या रिक्षेची किंमत कुणी करत नाही. दादा आता चाकणला सप्लायर आहे, त्याला हे सांगितलं तर म्हणाला पेटंट घ्यायला पाहिजे होतं रे.

ट्रॅक कधी बंद झाला ते मला आठवत नाही. असं काही एका दिवशी होत नाही ना. आठवीत सायकल आली, मग क्लास, मग चौकटीवर काही नवीन येईना. गाड्या आईने एका दसऱ्याच्या साफसफाईत कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलाला दिल्या, मला विचारून दिल्या, मी हो म्हणालो, मान वर न करता. पट्ट्या माळ्यावर गेल्या.

आणि म्हणून मला लोक जेव्हा म्हणतात की आजकालच्या पोरांना खेळायलाच येत नाही, सगळं मोबाईल, तेव्हा मी गप्प बसतो. माझ्या सात वर्षांच्या मुलीला मी भारीतला ट्रॅक आणला होता, मोटरवाला, जिभा शाबूत. तिने तो दोन दिवस चालवला आणि सोडला, मला वाईट वाटलं, मनातल्या मनात मोठं भाषणही तयार झालं. तिसऱ्या दिवशी बघतो तर कुरिअरचे खोके फाडून तिने सोफ्यावरून टीपॉयवर आणि तिथून बाल्कनीत पूल केलेला, आणि गाडी उतरवताना ओरडत होती, कारण खोक्याचे जोड उलटे लावले होते. मी तोंड उघडलं होतं, मिटलं. पाचेक मिनिटांनी तिलाच कळलं. कौलं तिने आयुष्यात बघितलेली नाहीत.

आता हे सगळं का आठवलं ते सांगतो. आकुर्डीचं घर आम्ही अजून ठेवलंय, आई-पप्पा तिथेच असतात. स्वयंपाकघराची चौकट वाळवीने खाल्ली म्हणून मागच्या रविवारी सुतार बोलावला होता. मी आणि मुलगी गेलो होतो. पप्पा आता बहात्तरचे, कानाला मशीन आहे पण लावत नाहीत, तीस वर्षं शेडमधल्या आवाजात काढली आता शांत बरं वाटतं म्हणतात. सुताराने दार बिजागरीतून काढलं, मागची बाजू उजेडात आली, आणि तो म्हणाला, "काका, ह्या पोराच्या उंच्या का? ठेवायचा का तुकडा कापून? लोक ठेवतात."

पप्पांना ऐकू गेलं नाही. मी म्हणालो, "नाही हो, गाड्यांच्या."

तेवढ्यात पप्पा पुढे आले, चष्मा कपाळावर घेतला, आकड्यांवरून बोट फिरवत वरून खाली गेले आणि 560 ला थांबले. म्हणाले, "काळी. दुसरी नाही झाली." मग माझ्या मुलीकडे वळून, "तुझ्याकडे आहे का आत्ता एखादी?"

तिच्याकडे होती, फ्रॉकच्या खिशात, माझ्या खोक्यातली, पॅकेट फाडलेलं (हे बायकोला आधीच माहीत होतं, मला नव्हतं). माळ्यावरून पट्ट्या काढल्या, गंजलेल्या, एक चेपलेली. लूपचा नारिंगी रंग उडून भोपळ्याच्या सालीसारखा झालेला. सुतार त्याचं काम टाकून पट्टी धरून उभा राहिला. 560 ला धरली. मुलीने सोडली.

खर्रर्र. शांतता. ठक.

पप्पांनी आमच्या तोंडांकडे बघितलं. "पास?"

"रिजेक्ट आजोबा," ती ओरडून म्हणाली.

त्यांनी सुताराच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली, गुडघ्यावर हात टेकत उठले, आणि दुपारी निघणार असलेल्या त्या चौकटीवर 560 च्या खाली नीट फुली मारून बोटभर वर नवीन रेघ ओढली.